शेळ्यांकडून कुणी आहे का?

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज एका कोकराविरुद्ध माझी रीतसर तक्रार नोंदवतो.

हे कोकरू माझ्या फोनच्या पडद्यावर राहतं. खेळायला समोर कुणी मिळेपर्यंत ते डावीकडून उजवीकडे चालतं, मध्येच थांबतं, गवताचं एक पातं तोडतं, माझ्याकडे बघतं आणि पुन्हा चालू लागतं. वर अक्षरं येतात, 'जोडीदार शोधत आहोत.' गवत कमी होत नाही, कोकरू मोठं होत नाही, जोडीदार सापडत नाही. नरकांची वर्णनं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत तेलाच्या कढया आहेत, तापलेले खांब आहेत, पण हे कोकरू नाही. शास्त्रकारांच्या हातून राहून गेलेली ही यातना माझ्या मुलीने पूर्ण केली. वर, त्या कोकराला शेपूट नाही. त्याबद्दल विचारलं तर ओवी म्हणाली, "बाबा, त्याच्याकडे इतका वेळ कुणी बघत बसेल असं वाटलंच नव्हतं मला."

मी हसलो. ती हसली नाही.

परिस्थिती अशी आहे. ओवी पुण्याच्या एका कंपनीत होती. शिमग्याच्या सुमाराला कंपनीने माणसं कमी केली, त्यात ती वाईला घरी आली. सुरुवातीला खोलीबाहेर फारशी येत नसे. मग एक दिवस घाटावर गेली, तिथल्या पायरीवर कोरलेला वाघ-शेळीचा पट बघून आली आणि उन्हाळाभर बसून तो खेळ तिने फोनवर आणला. नाव ठेवलं 'कळप'. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा शेळ्या. वाघाने उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी वाघाला चहूबाजूंनी कोंडायचं. खेळणारे दोघे दोन गावांत, आपापल्या फोनवर. कुणाची गाठ कुणाशी घालायची हे यंत्र ठरवतं. दोघांचा वकूब बघून तोडीस तोड जोडी लावतं. अडचण एवढीच की निवड करायला यंत्रालाही माणसं लागतात, आणि आमच्याकडे ती मोजकी आहेत.

बंगळूरच्या एका कंपनीने ओवीला बोलावलं आहे. तिने दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. मला म्हणाली, "तोवर खेळ मार्गी लागला तर बघू." अर्थ स्पष्ट आहे. खेळ चालला तर ओवी वाईत, नाही चालला तर बंगळुरात. तेव्हा पित्याचं कर्तव्य म्हणून मी रोज संध्याकाळी त्या खेळात जाऊन बसतो. मला खेळाची आवड वगैरे नाही. गर्दी दिसावी, एवढाच हेतू.

माझी बायको शरयू संक्रांतीपासून सांगलीला आहे. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हातारी अजून अंथरुणातच आहे. म्हणजे घरात मी, ओवी आणि हे कोकरू.


शनिवार, ९ ऑगस्ट

आज ओवीने रोगाचं निदान सांगितलं.

"माणसं येत नाहीत असं नाही बाबा. काल संध्याकाळी एकाच वेळी नऊ जण होते."

"मग झुंजव की त्यांना."

"नऊच्या नऊ वाघ."

खेळात शिरताना विचारणा होते, वाघ की शेळ्या? आमच्या वाईतला प्रत्येक पुरुष न चुकता वाघावर बोट ठेवतो. ज्यांचा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत कधी पोचला नाही, तेही वाघ. गल्लीतला दातांचा डॉक्टर अनीश हा त्यातला पट्टीचा वाघ. त्याला मी रस्त्यात गाठून म्हटलं, "अरे, एखादा डाव शेळ्यांकडून खेळ."

"काका, दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघतो. संध्याकाळी तरी मला चावू द्या."

ओवीने मध्यंतरी सक्ती करून पाहिली. यंत्रच बाजू वाटून देई. वाट्याला शेळ्या आल्या की माणूस निघून जाई. मोठ्या खेळांत म्हणे लाखो माणसं असतात, त्यांत हवी ती सोबत कुठेतरी मिळते. इथे एक निघून गेला की त्याच्या समोरचाही कंटाळून जातो. माणसं नाहीत म्हणून जोडी जमत नाही, आणि जोडी जमत नाही म्हणून माणसं नाहीत. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. पाठशाळेत मी हा दोष वर्षानुवर्षं शिकवला, पण तो असा डोळ्यांपुढे चालताना, मध्येच गवत खाताना कधी पाहिला नव्हता.

मी जाहीर केलं की यापुढे मी शेळ्यांकडून. यंत्राने तात्काळ मला अनीशशी जुंपलं. वकुबाने तो सगळ्यांच्या वर, मी सगळ्यांच्या खाली, पण दुसरं कुणी नव्हतंच, त्याला ते तरी काय करणार. अनीशने माझ्या शेळ्या भाजलेल्या शेंगांसारख्या खाल्ल्या. तरी त्याचे मी आभार मानले. तो आला नसता तर ते कोकरू होतंच.


रविवार, १७ ऑगस्ट

साताऱ्याच्या ज्या दैनिकाचा मी वाईचा वार्ताहर आहे, त्याला 'कळप'वर सविस्तर मजकूर पाठवला होता. प्राचीन पटक्रीडांपासून सुरुवात केली होती. संपादकांनी त्यातून प्राचीन काळ काढला, मध्ययुग काढलं आणि चार ओळी छापल्या. त्यातही खेळाचं नाव 'कळस' पडलंय. तरी छापल्या, ही त्यांची कृपा. दोन माणसं वाढली. दोघंही वाघ.

संध्याकाळी शरयूचा फोन.

"अहो, ओवीला विचारलंत का, तिला काय हवंय ते?"

"खेळ चालायला हवाय."

"ते तुम्हाला हवंय."

"दोघांनाही हवंय. शिवाय गाव सोडून जायची तिला हौस आहे थोडीच?"

"विचारलंत का, एवढंच विचारतेय मी. बरं, दाण्याचं कूट संपलं का डब्यातलं?"

शरयूची ही जुनी पद्धत. घाव घालायचा आणि वर लगेच दाण्याचं कूट भुरभुरायचं.


रविवार, २४ ऑगस्ट

शेळ्या आल्या! लिहिताना हात थरथरतो आहे असं लिहिणार होतो, पण तसं काही होत नाहीये. आनंद मात्र खरा.

त्याचं श्रेय राणीला. पुण्याच्या वसतिगृहात ओवीच्या खोलीत असायची ती मुलगी. आता आटपाडीला एका दवाखान्यात परिचारिका आहे. घर गावाबाहेर वस्तीवर. पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारी माणसं, आता थोडी डाळिंबही लावली आहेत. राणीने खेळ घरच्या फोनवर घातला आणि आजीच्या नावाने खातं उघडलं, 'अंबूबाई, आटपाडी'. आणि ही अंबूबाई आपण होऊन, कुणी सक्ती न करता, शेळ्या मागते!

आज प्रथमच वाघ होऊन मला समोर शेळ्या मिळाल्या. डरकाळी फोडून पुढे सरसावलो आणि चहा निवायच्या आत तिन्ही वाघ कोंडले गेले. खेळात आवाजात निरोप धाडायची सोय आहे. तिकडून खरखरीत आवाज आला, "आवं वाईकर, वाघ जागं हाईत न्हवं? का निजवून ठेवल्यात?"

मी उत्तर पाठवलं की माझे वाघ अहिंसाव्रती आहेत.

"आसं व्हय. मग त्येंस्नी कोंडा घाला. चंदी तरी खात्यात का बगा."

रात्री जेवताना ओवी हे आठवून हसली. बऱ्याच महिन्यांनी तिचा तसा आवाज ऐकला. अंबूबाई, तुम्ही कोण कुठल्या, पण तुमचे माझ्यावर उपकार आहेत.


मंगळवार, २ सप्टेंबर

गौरी गेल्या. खेळात मात्र भानगड उभी राहिली आहे.

आटपाडीच्या खात्याला दुपारी कुणी हरवू शकत नाही. अनीशसारख्या वाघाची तिने शेळी करून टाकली. यंत्राने तिला वरच्या पंगतीत बसवलं. तेच खातं संध्याकाळी असं खेळतं की पंधराच्या पंधरा शेळ्या वाघाच्या तोंडात नेऊन ठेवतं. यंत्र तिला खाली आणतं, तिथे आमच्यासारखे दुबळे असतात, आणि दुसऱ्या दुपारी ती आमचा फडशा पाडते. बलवानांना वाटतं ती मुद्दाम हरते, दुर्बळांना वाटतं ती मुद्दाम खाली येते. अनीश घरी येऊन बसला.

"काका, हा सरळ सरळ बनाव आहे. दुपारी यंत्राकडून खेळून घेत असणार. खालच्या लोकांना चिरडायला मुद्दाम हरतात, बाकी काही नाही. चांगली खेळणारी दोन माणसं खेळ सोडायला निघालीत, सांगून ठेवतो."

ओवीने माझ्याकडे पाहिलं. मी माझं शास्त्र काढलं. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार. एकाच माणसाचा वकूब दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शकत नाही, सबब लबाडी असणार. अनुमान निर्दोष होतं. ओवी जरा घुटमळली, "राणीला एकदा विचारू का?" मी म्हटलं, "मैत्रिणीला विचारलंस तर लोक म्हणतील पक्षपात."

तिने खातं बंद केलं.


शुक्रवार, ५ सप्टेंबर

कोकरू चालतंय. थांबतंय. माझ्याकडे बघतंय.

त्या एका खात्याबरोबर शेळ्याच गेल्या. अनीश आणि ते दोघे थांबले, पण आता त्यांना खायला माझ्या एकट्याच्या शेळ्या उरल्या, आणि त्यांचा त्यांना कंटाळा आलाय. राणी फोन उचलत नाही. ओवी आज दुपारी बंगळूरच्या कंपनीशी बराच वेळ इंग्रजीत बोलत होती. दार लोटलेलं होतं. बाहेर आली तेव्हा तोंड उजळलं होतं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, आपण खेळ वाचवू." त्यावर तिचं तोंड पुन्हा पहिल्यासारखं झालं. माझ्या बोलण्याने तिला जबाबदारीची जाणीव झाली असावी.

शरयूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईंना कुणी विचारलं का?"

या बाईला दुसरा प्रश्नच येत नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग जा की विचारायला. एसटी बंद आहेत का?"


रविवार, १४ सप्टेंबर. वडूजच्या स्टँडवर, परतीच्या वाटेवर

काल ओवी आणि मी आटपाडीला गेलो. हे सगळं आत्ताच लिहून काढतो, घरी गेल्यावर मला त्यात पाणी घालायची सवय आहे.

गावात पोचलो तर शनिवारचा बाजार. शेळ्या, मेंढ्या, बोकड, माणसं, टेम्पो. पाय ठेवायला जागा नाही. ओवीने येत असल्याचा निरोप धाडला होता, म्हणून राणी बाजाराच्या फाटकापाशी उभी होती. ओवीशी धड बोलली नाही. मला मात्र वाकून नमस्कार केला, म्हणजे राग किती आहे ते कळलं. चालत वस्तीवर गेलो.

लिंबाखाली अंबूबाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, मांडीवर फोन. आम्ही टेकायच्या आत सुरुवात झाली.

"आला का वाईकर? दार लावलं न्हवं आमच्या तोंडावर?"

"आजी, माझं चुकलं," ओवी म्हणाली.

"थांब पोरी. राणे, काय ल्हिवलं व्हतं गं त्येच्यात?"

"गैरप्रकार आढळल्याने खाते बंद," राणीने पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं.

"गैरपरकार! सारा जलम मेंढरं राखली मी. लांडग्यानं न्हेली, चोरानं न्हेली, पान्याविना मेली. पर गैरपरकार कंदी केला न्हाई कुनाच्या जितराबाला. आन् ह्या पत्र्याच्या डबीत मी गैरपरकार करती व्हय?"

मी घसा साफ केला आणि दुपारचा वकूब व संध्याकाळचा वकूब यांतला विरोध आदरपूर्वक मांडला. म्हातारी माझ्याकडे असं बघत राहिली, जसा मी त्या कोकराकडे बघतो.

"आवं, दुपारी मी एकली खेळती. सांजचं ही समदी येत्यात आन् वाटुळं करत्यात."

बागेतून फवारणी करून आलेला त्यांचा मुलगा, राणीचा चुलता तानाजी, पाय धुता धुता म्हणाला, "आये, परवा तर तूच हरलीस की. आमी बाजूला बसलो व्हतो नुसतं."

"बसला व्हतास म्हूनच हारले. तोंड चालू व्हतं न्हवं तुजं!"

"म्हणजे," ओवीने हळूच विचारलं, "सगळे जण याच नावाने खेळता?"

"मग? चूल एक, फोन एक."

माझ्या निर्दोष अनुमानाचा निकाल असा लागला. आम्ही एक बाई समजून बसलो होतो ते सबंध घर होतं. दुपारी आजी, तिन्हीसांजेला तानाजी, धारा आटोपल्यावर सुना, आणि शेजारच्या वस्तीवरची माणसंही पाटावर बसल्यासारखी येऊन खेळून जात. आम्ही एक खातं बंद केलं नव्हतं, एक वाडी बंद केली होती.

ओवीने तोडगा मांडला. प्रत्येकाला वेगळं नाव देते, म्हणजे ज्याची त्याची जोडी बरोबर लागेल.  तानाजी धुतलेले पाय पुन्हा धुऊ लागला. आत भांडी वाजत होती, ती थांबली.

"येगळी नावं कशापायी?" अंबूबाई म्हणाल्या. "कुनाला येगळं ऱ्हायाचंय का हितं?"

तानाजी तांब्या घेऊन आत गेला. मग राणीने ओवीच्या कानात सांगितलं की तानाजीकाकांचं गेल्या वर्षापासून वेगळं निघायचं चाललंय, आणि आजी तो विषय काढू देत नाही. ओवीचा चेहरा उतरला. म्हणाली, "नाही आजी. नाव एकच राहील. अंबूबाईंचं घर. फोन कुणाच्या हातात आहे तेवढं खेळ सुरू करताना सांगा. आजी, तानाजीकाका, का सगळी मिळून. त्यावरून मी जोडी लावते."

"ही बगा, ही खरी बोलली," म्हातारी म्हणाली. "आता तुमी बसा वाईकर, समोरासमोर."

मी बसलो. वाघ अर्थातच माझ्याकडे. म्हटलं, "एकदा तुम्ही वाघ घ्या की."

"ज्येंच्यापास्नं राखली, त्येंच्याकडनंच खेळू व्हय?"

ती चाल चुकली की सरळ मागे घेते, आणि मी मागे घेऊ लागलो की हातावर चापट मारते. वर आपणच सांगते, आटपाडी तालुक्यात आपल्यासारखं कुणी खेळत नाही. दोन डाव हरलो. तिसरा जिंकत आलो तर तिने भाकरी खायला उठवलं. जेवताना एकदम म्हणाली, "तुमी लय येळ एकलंच बसता का वं? कवाबी बगावं तर तुमचं नाव हायेच त्येच्यात."

"गर्दी दिसावी म्हणून बसतो."

"एकल्याची गर्दी?"

सगळे हसले. मीही हसलो. ओवी हसली नाही, ताटात भाकरी कुस्करत राहिली. तिला भाकरी-कालवण सोसत नसावं, एवढं तिखट होतं.

रात्री राणीकडेच राहिलो. आज सकाळी गाडीसाठी निघालो तर बाजाराचं मैदान लागलं. रिकामं. लेंड्या, उसाची चिपाडं आणि एक कुत्रं.

ओवी थांबली. "बाबा, काल इथं शिरता येत नव्हतं."

"आज बाजार नाही."

"तेच म्हणते. माणसं आहेत तेवढीच आहेत. गावं तीच. पण ती एका दिवशी येतात, म्हणून घेणाऱ्याला देणारा सापडतो."

पुढे गाडीत ती फोनवर काहीतरी टिपत राहिली. आत्ता इथे वडूजला चहाचा कप हातात घेऊन म्हणते, "मी दिवसभर दार उघडं ठेवते, म्हणून कुणाला कुणी भेटत नाही. मी ते बंद करणार."

मला वाटलं उन्हाचा परिणाम.


सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले, आणि 'कळप'चं दार दिवसभरासाठी बंद झालं. दिवेलागणीनंतर एकच तास उघडणार. मी कडाडून विरोध केला होता. आधीच गिऱ्हाईक नाही, त्यात दुकानाला कुलूप? अंबूबाईंनीही आवाजी निरोपातून निषेध नोंदवला, कारण त्यांची दुपार गेली. मग स्वतःच म्हणाल्या, "बरं बरं. सांजचं समदी असत्यात, जितल्यालं बगाय मानसं तर पायजेत."

आज त्या तासात मी शिरलो. कोकराने एक पाय उचलला आणि तो खाली टेकवायच्या आत जोडी लागली.


रविवार, २८ सप्टेंबर

आठवडाभर रोज असंच चाललंय. माणसं फारशी वाढलेली नाहीत. जी होती तीच, पण एकमेकांना सापडू लागली. यंत्राला निवड करता येते. माझ्यासमोर माझ्याच तोडीचं कुणी येतं, वडूजचे एक निवृत्त पोस्टमन नाथाजी, कधी तानाजी. अनीशला आजी मिळते. परवा तिने त्याला लागोपाठ कोंडलं, तेव्हा त्याने तिला विचारलं, "आजी, मला शिकवाल का शेळ्या?" काल तो शेळ्यांकडून खेळला. दातांचा डॉक्टर शेळ्या राखतोय, हे बघायला मी त्याच्या दवाखान्यात गेलो आणि एक दात काढून घेऊन आलो.

आज मला थोडं कृतज्ञ होऊ द्यावं. एरवी मी हे तोंडाने बोलत नाही. संपादकांचे आभार, चुकीच्या नावाच्या चार ओळींसाठी. अनीशचे आभार, सगळ्या तक्रारींसह थांबल्याबद्दल. राणीचे आभार, फोन पुन्हा उचलल्याबद्दल. नाथाजींचे, ते माझ्यापेक्षा वाईट खेळतात म्हणून. अंबूबाईंच्या घराचे तर किती मानावेत? एवढ्या मोठ्या जगात मोजून मूठभर माणसं एक विसरलेला खेळ खेळतात, आणि त्यांतलं कुणी ना कुणी रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसतं. मला वाटतं देवळात याहून जास्त मागू नये.

शरयूला सांगितलं, "खेळ मार्गी लागला. ओवी राहतेय."

"ती म्हणाली का तसं?"

"तसं तिने आधीच सांगितलंय."

शरयूने दाण्याच्या कुटाचंही विचारलं नाही. मग म्हणाली, "आईला झोप लागतेय, ठेवते."


गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

संध्याकाळी सोनं वाटून आलो. आल्या आल्या खेळाला बसलो. नाथाजींना एकदा हरवलं, एकदा हरलो. तास संपला, दार बंद झालं. ओवी माझ्यासमोर येऊन बसली. लॅपटॉप मिटलेला.

"बाबा, आज मी काहीच केलं नाही."

"सण आहे. विश्रांती घ्यावी."

"तसं नाही. दार राणीने तिकडून उघडलं. नवीन दोघांना अनीशदादाने समजावलं. एक भांडण झालं ते आजींनी मिटवलं, म्हणजे दोघांनाही शिव्या घातल्या. मला हात लावावा लागला नाही."

"छान झालं की!"

"हो. म्हणजे आता हे कुठूनही चालेल."

"कुठूनही म्हणजे?"

"बंगळूरहूनसुद्धा."

मी फोन खाली ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. ती एकेक शब्द जपून बोलत होती.

"ते काम मला आवडलंय बाबा. पहिल्यापासूनच. फक्त हे अर्धवट सोडून जायचं नव्हतं. पुण्याहून आले तशी हरून नव्हतं जायचं. आता तसं नाही." मग म्हणाली, "जाऊ ना?"

मी म्हटलं, "अगं, यात विचारायचं काय? जा." चांगलं ठणठणीत म्हटलं. वर सीमोल्लंघनाला आजच्यासारखा मुहूर्त नाही असंही म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग म्हणाली, "उद्या कळवते त्यांना."

आज नाही. उद्या.

ती आत गेली आहे. शरयूचा फोन येऊन गेला. म्हातारीचं अजून वर्षभर तरी असंच चालेल म्हणाली. मी सांगलीला येऊन राहू का म्हणून विचारलं, तर दोन खोल्यांत कुठे झोपणार म्हणाली. खरंच आहे. शिवाय पाठशाळा आहे, बातम्या आहेत.

इथपर्यंत सगळं थट्टेत लिहिता आलं. पुढचं येत नाही, म्हणून सरळ लिहितो. रिकाम्या घरात संध्याकाळी एकट्याने जेवायची मला भीती वाटते. ही भीती मला उन्हाळ्यापासून आहे आणि खेळ चालावा असं मला वाटत होतं ते त्या भीतीमुळेच. मी 'जा' म्हणालो, पण ते म्हणताना माझा चेहरा कसा झाला होता ते मला माहीत नाही. तिने तो पाहिला आहे. उद्या सकाळी ती म्हणेल, बाबा, नाही जात. मला काळजी वाटते ती याची, आणि तिने तसं म्हटलं तर मला आनंद होईल याची.